इंधनाअभावी झालेले हेलिकॉप्टर अपघात : कारणमीमांसेचा एक ऐतिहासिक अभ्यास (१९७७ ते २०१३)

गोषवारा

हेलिकॉप्टरच्या अपघातांची कारणे शोधताना यांत्रिक बिघाड आणि प्रतिकूल हवामान यांचा विचार विस्ताराने केला जातो. इंधनाअभावी झालेला अपघात मात्र 'वैमानिकाचा निष्काळजीपणा' या एकाच शब्दप्रयोगात गुंडाळला जातो. प्रस्तुत लेखात १९७७ मधील लॉस एंजेलिस, १९९१ मधील अटलांटिक महासागर, २०११ मधील मिसुरी आणि २०१३ मधील ग्लासगो येथील चार घटनांचा तौलनिक विचार केला आहे. चारही घटनांत इंजिने इंधनाअभावी बंद पडली, परंतु इंधन न मिळण्याची कारणे चारही ठिकाणी वेगळी होती. वैमानिकाची जबाबदारी नाकारता येत नसली तरी ती एकटीच पुरेशी कारणमीमांसा ठरत नाही, असे या अभ्यासातून दिसून येते.

बीजसंज्ञा : हेलिकॉप्टर, इंधनसमाप्ती, ऑटोरोटेशन, अपघात चौकशी, कारणमीमांसा, मानवी घटक.

१. प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासात 'काय घडले' यापेक्षा 'का घडले' हा प्रश्न नेहमीच अधिक अवघड असतो. राजकीय इतिहासात एखाद्या युद्धाचे कारण एका व्यक्तीच्या स्वभावात शोधण्याची पद्धत अभ्यासकांनी केव्हाच मागे टाकली आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात मात्र ही पद्धत अजूनही टिकून असल्याचे आढळते. विशेषतः ज्या अपघाताचे तात्कालिक कारण अत्यंत साधे आणि सर्वांना समजणारे असते, तेथे पुढे प्रश्न विचारण्याची गरजच कोणाला वाटत नाही. इंधन संपणे हे असेच एक कारण होय. दुचाकी चालविणाऱ्या सामान्य माणसालाही टाकीतील पेट्रोल पाहण्याची सवय असते. मग प्रशिक्षित वैमानिकाला ते कसे कळले नाही, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो आणि त्या प्रश्नातच निवाडा दडलेला असतो.

असा निवाडा अनेकदा मृत व्यक्तीविरुद्ध दिला जातो. तिला आपली बाजू मांडता येत नाही. दुसऱ्या बाजूला, ज्यांचे आप्त या अपघातांत दगावले त्यांना खरे कारण कळण्याचा अधिकार आहे आणि पुढील उड्डाणांतील माणसांचे प्राणही त्या उत्तरावर अवलंबून असतात. म्हणून या विषयाकडे केवळ तांत्रिक विषय म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. प्रस्तुत लेखात अधिकृत चौकशींतून प्रकाशात आलेल्या माहितीचा आधार घेऊन या कारणमीमांसेची ऐतिहासिक अंगाने तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. विमानातील सर्व इंधन जळून जाणे ही एक अवस्था, तर टाकीत इंधन शिल्लक असूनही ते इंजिनापर्यंत न पोहोचणे ही दुसरी अवस्था होय. बोलीभाषेत दोन्हींना 'इंधन संपले' असेच म्हटले जाते. अपघात चौकशीत मात्र या दोन अवस्था स्वतंत्र मानल्या जातात. प्रस्तुत लेखात पहिलीला 'इंधनसमाप्ती' आणि दुसरीला 'इंधनखंड' असे म्हटले आहे.

२. हेलिकॉप्टर आणि इंधन : मूलभूत मर्यादा

ईगोर सिकोर्स्की यांच्या व्हीएस-३०० या हेलिकॉप्टरने १४ सप्टेंबर १९३९ रोजी, दोरांनी बांधलेल्या अवस्थेत, जमिनीवरून पहिली झेप घेतली. त्यानंतर पाच वर्षांच्या आतच या यंत्राची युद्धभूमीवर कसोटी लागली. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात अडकलेला एक वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक यांची सुटका लेफ्टनंट कार्टर हारमन यांनी सिकोर्स्की आर-४ जातीच्या हेलिकॉप्टरने केली. हे हेलिकॉप्टर आसामातील लालाघाट येथील तळावरून निघाले होते. त्याचा पल्ला इतका अल्प होता की, वाटेत ठिकठिकाणी उतरून इंधन भरत त्याला पुढे जावे लागले. जंगलातूनही एका खेपेस एकच माणूस उचलता येत असल्यामुळे चौघांसाठी चार खेपा कराव्या लागल्या. हेलिकॉप्टरच्या मदतकार्याचा इतिहास ज्या घटनेपासून मोजला जातो, तिच्यातच इंधन आणि वजन यांचे हे त्रैराशिक स्पष्ट दिसते.

हे त्रैराशिक आजही बदललेले नाही. हेलिकॉप्टर ज्या कामांसाठी वापरले जाते, म्हणजे एका जागी तरंगत राहणे, अरुंद जागेत उतरणे, माणसे उचलणे, त्या कामांत वजन कमी असणे हिताचे असते. इंधन म्हणजे वजनच. टाकी पूर्ण भरली तर रुग्ण, उपकरणे किंवा कर्मचारी यांपैकी काहीतरी कमी करावे लागते. त्यामुळे हेलिकॉप्टर सेवेत गरजेपुरते इंधन आणि त्यावर ठरावीक राखीव साठा घेऊन निघण्याची प्रथा रूढ झाली. अमेरिकी नियमांनुसार, दृष्टीच्या आधारे होणाऱ्या उड्डाणात इच्छित स्थळी पोहोचल्यानंतरही आणखी २० मिनिटे उडता येईल इतके इंधन हेलिकॉप्टरमध्ये असणे बंधनकारक आहे. विमानांसाठी हीच मर्यादा दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटे इतकी आहे. हेलिकॉप्टर कोठेही उतरू शकते, ही धारणा या सवलतीमागे असावी.

इंधन संपल्यानंतरची स्थितीही दोन्ही वाहनांत वेगळी असते. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोईंग ७६७ विमान पौंड आणि किलोग्रॅम यांच्या घोटाळ्यामुळे निम्म्याहून कमी इंधन घेऊन निघाले आणि उंचावर असताना त्याची दोन्ही इंजिने बंद पडली. तरीही ते बराच काळ तरंगत गेले आणि गिमली येथील जुन्या धावपट्टीवर सर्व ६९ जणांसह सुखरूप उतरले. हेलिकॉप्टरला असे पंख नसतात. त्याला ऑटोरोटेशनचा आधार असतो. इंजिन बंद पडताच वैमानिकाने पात्यांचा कोन त्वरित कमी केला, तर खाली येताना खालून वर जाणाऱ्या हवेमुळे पंखा फिरत राहतो आणि जमिनीजवळ त्या फिरण्यातील ऊर्जा वापरून उतरता येते. परंतु यासाठी मिळणारा अवधी अवघ्या काही सेकंदांचा असतो. तो हुकला की पंख्याची गती घटते आणि ती पुन्हा मिळविता येत नाही. इंधनाची चूक तासाभरात हळूहळू घडत जाते, तर तिचा परिणाम मात्र दोन-तीन सेकंदांत भोगावा लागतो. या विषमतेत हेलिकॉप्टरच्या इंधनविषयक अपघातांचे मर्म आहे.

३. लॉस एंजेलिस, १९७७ : मापकावरील विश्वास

१ ऑगस्ट १९७७ रोजी लॉस एंजेलिस येथे केएनबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीचे बेल जेटरेंजर हेलिकॉप्टर कोसळले. वैमानिक आणि छायाचित्रकार हे दोघेही मृत्युमुखी पडले. वैमानिकाचे नाव फ्रान्सिस गॅरी पॉवर्स असे होते. १ मे १९६० रोजी सोव्हिएत रशियाच्या हद्दीत पाडण्यात आलेल्या यू-२ या हेरगिरी विमानाचे ते चालक होते. त्या घटनेमुळे पॅरिस येथील शिखर परिषद उधळली गेली. पॉवर्स यांना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि १० फेब्रुवारी १९६२ रोजी ग्लिनिके पुलावर रुडॉल्फ आबेल यांच्या मोबदल्यात त्यांची सुटका झाली. सुमारे ७० हजार फूट उंचीवरून झालेल्या पतनातून वाचलेला हा वैमानिक वणव्यांचे चित्रण करून परतत असताना, विमानतळापासून थोड्याच अंतरावर, इंधन संपल्यामुळे मरण पावला.

वृत्तसंकलनासाठी हेलिकॉप्टर वापरण्याची सुरुवात लॉस एंजेलिसमध्येच केटीएलए वाहिनीने १९५८ साली केली होती. स्पर्धा वाढली तशी हेलिकॉप्टर घटनास्थळी अधिकाधिक वेळ ठेवण्याची प्रवृत्तीही वाढली. या पार्श्वभूमीवर १९७७ चा अपघात पाहावा लागतो. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने इंधनसमाप्ती हे कारण नोंदवून त्याची जबाबदारी वैमानिकावर ठेवली. पॉवर्स यांच्या मुलाने पुढे एक वेगळे स्पष्टीकरण मांडले. त्याच्या म्हणण्यानुसार हेलिकॉप्टरचा इंधनमापक सदोष होता, तो प्रत्यक्षापेक्षा कमी इंधन दाखवीत असे आणि वैमानिकाला याची सवय झाली होती. हा दोष दुरुस्त करण्यात आला, परंतु तशी सूचना वैमानिकाला मिळाली नाही. त्यामुळे 'रिकामी' दाखविणारी टाकी या वेळी खरोखरच रिकामी होती.

हे स्पष्टीकरण कुटुंबीयांचे आहे आणि अधिकृत निष्कर्षात त्याला स्थान नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. तथापि त्यातून उपस्थित होणारा प्रश्न महत्त्वाचा आहे. सदोष मापक दीर्घकाळ चालवून घेतला जातो, तेव्हा वैमानिक मापक वाचत नाही. तो मापकाविषयीच्या आपल्या अनुभवाला वाचत असतो. अशा स्थितीत दुरुस्तीदेखील, तिची माहिती दिली नाही तर, धोक्याची ठरू शकते. यंत्र आणि माणूस यांच्यात निर्माण झालेला हा अलिखित करार चौकशीच्या कागदांत सहसा उतरत नाही.

४. अटलांटिक, १९९१ : चूक नसताना संपलेले इंधन

इंधनसमाप्ती म्हणजे निष्काळजीपणा, या समीकरणाला छेद देणारी घटना ऑक्टोबर १९९१ च्या अखेरीस उत्तर अटलांटिकमध्ये घडली. पुढे 'परफेक्ट स्टॉर्म' या नावाने ओळखल्या गेलेल्या वादळात न्यूयॉर्क एअर नॅशनल गार्डचे 'जॉली ११०' हे एचएच-६० जातीचे हेलिकॉप्टर एका एकट्या खलाशाच्या सुटकेसाठी खोल समुद्रावर गेले होते. त्याचा पल्ला एवढ्या अंतरास पुरणारा नव्हता. म्हणून सोबतच्या टँकर विमानाकडून हवेतच इंधन घेत प्रवास करण्याची योजना होती आणि जाताना ती यशस्वीही झाली. परतीच्या वाटेवर मात्र वाऱ्याच्या जोरामुळे इंधनाची नळी आणि तिच्या टोकाचे नरसाळे स्थिर राहीना. वारंवार प्रयत्न करूनही जोडणी झाली नाही.

उरलेल्या इंधनावर किनारा गाठणे शक्य नाही, हे स्पष्ट झाल्यावर वैमानिकाने इंजिने चालू असतानाच समुद्रावर उतरण्याचा निर्णय घेतला. पाच जणांपैकी चौघांना तटरक्षक दलाच्या 'टमारोआ' या जहाजाने वाचविले. पाचवा, रिक स्मिथ हा बचाव सैनिक, कधीच सापडला नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या सेबॅस्टियन युंगर यांच्या पुस्तकामुळे ही घटना सर्वदूर पोहोचली.

तुलनेच्या दृष्टीने येथे दोन बाबी लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे इंधन किती उरले आहे आणि ते केव्हा संपणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. दुसरी म्हणजे इंजिने थांबण्याची वाट न पाहता, शक्ती हाती असतानाच निर्णय घेण्यात आला. इंधन संपणे टळले नाही, तरी अज्ञानात संपणे आणि जाणीवपूर्वक संपणे यांतील अंतर चार माणसांच्या प्राणांइतके होते.

५. मिसुरी, २०११ : ३० मिनिटांचे इंधन आणि ३० मिनिटांचा प्रवास

२६ ऑगस्ट २०११ रोजी सायंकाळी अमेरिकेतील मिसुरी राज्यात मॉस्बी या गावाजवळ एक रुग्णवाहू हेलिकॉप्टर कोसळले. युरोकॉप्टर एएस ३५० बी २ जातीच्या या हेलिकॉप्टरमधील वैमानिक, परिचारक, वैद्यकीय साहाय्यक आणि रुग्ण असे चौघेही मरण पावले. बेथनी येथील रुग्णालयातून लिबर्टी येथील रुग्णालयात रुग्णाला हलविण्याचे हे काम होते.

तळावरून निघतानाच हेलिकॉप्टरमध्ये अपेक्षेपेक्षा कमी इंधन होते. उड्डाणपूर्व तपासणीत ते लक्षात यावयास हवे होते. तसे झाले नाही. बेथनी येथे उतरल्यावर वैमानिकाने संपर्क केंद्राला इंधन कमी असल्याचे कळविले. आपल्याजवळ ४५ मिनिटांचे इंधन असल्याचे त्याने सांगितले. प्रत्यक्षात ते सुमारे ३० मिनिटांचे होते. वाटेतील मिडवेस्ट नॅशनल विमानतळावर इंधन भरण्याचे ठरले आणि रुग्णाला घेऊन हेलिकॉप्टर निघाले. सुमारे ३० मिनिटांनंतर, त्या विमानतळापासून साधारण एक मैलावर, इंजिन बंद पडले.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने ९ एप्रिल २०१३ रोजी आपला अहवाल स्वीकारला. त्यात वैमानिकाची अपुरी तपासणी आणि इंधन कमी असल्याचे कळल्यावरही उड्डाण चालू ठेवण्याचा निर्णय यांवर ठपका ठेवण्यात आला. ड्यूटीवर असताना आणि उड्डाणातही तो मोबाइलवर वैयक्तिक संदेशांची देवाणघेवाण करीत होता, ही बाब चौकशीतून पुढे आली आणि वृत्तपत्रांनी ती ठळकपणे मांडली. इंजिन थांबले त्या क्षणी तो संदेश पाठवीत असल्याचा पुरावा मात्र नव्हता. मंडळाने थकव्याचाही उल्लेख केला.

अहवालातील दुसरा भाग लोकचर्चेत फारसा आला नाही, परंतु तो अधिक मूलगामी आहे. वेगात जाणाऱ्या या जातीच्या हेलिकॉप्टरचे इंजिन अचानक थांबले, तर केवळ पात्यांचा कोन कमी करून भागत नाही; त्याच वेळी नियंत्रणदांडी मागे ओढून नाक वर करावे लागते. वैमानिकांना मिळणारे प्रशिक्षण कमी वेगाच्या, पूर्वकल्पना दिलेल्या सरावावर आधारलेले होते. म्हणजे शेवटच्या दोन-तीन सेकंदांत काय करावयाचे, हे त्याला कोणी खऱ्या अर्थाने शिकविलेच नव्हते. शिवाय संपर्क केंद्रातील कर्मचाऱ्यांना इंधनाची अडचण कळूनही उड्डाणविषयक निर्णयात जाणकार व्यक्तीला सहभागी करून घेतले गेले नाही.

निर्णयाचे नैतिक अंगही विचारात घ्यावे लागते. बेथनी येथेच थांबून इंधन मागविणे हा मार्ग उपलब्ध होता. पण समोर रुग्ण होता आणि विलंबाचे दायित्व वैमानिकाकडे आले असते. ज्या सेवेचे ब्रीदच वेळ वाचविणे हे आहे, तेथे 'थांबा' म्हणण्याचे धैर्य एकट्या माणसावर सोपविणे योग्य आहे काय, हा खरा प्रश्न आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने हवाई रुग्णवाहिकांसाठी नवे नियम जाहीर केले. त्यांनुसार दहा किंवा त्यांहून अधिक हेलिकॉप्टर चालविणाऱ्या संस्थांना उड्डाण नियंत्रण केंद्र ठेवणे बंधनकारक झाले. हवाई रुग्णवाहिकांच्या अनेक वर्षांच्या अपघातांतून हा नियम आला आणि निर्णयाचा भार एकट्या वैमानिकावर नसावा, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

६. ग्लासगो, २०१३ : ७६ किलो शिल्लक असताना

चौथी घटना सर्वांत गुंतागुंतीची आहे आणि कारणमीमांसेच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रदही. २९ नोव्हेंबर २०१३ रोजी, शुक्रवारी रात्री १० वाजून २२ मिनिटांच्या सुमारास स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात क्लाइड नदीकाठच्या 'क्लुथा' या मद्यगृहाच्या छपरावर पोलीस दलासाठी उडणारे युरोकॉप्टर ईसी १३५ हेलिकॉप्टर कोसळले. आत संगीताचा कार्यक्रम चालू होता आणि शंभरहून अधिक लोक उपस्थित होते. हेलिकॉप्टरमधील तिघे आणि मद्यगृहातील सात अशी दहा माणसे दगावली. ज्यांचा त्या उड्डाणाशी काडीचाही संबंध नव्हता, अशा सात जणांचा हा मृत्यू होता.

हेलिकॉप्टर रात्री ८ वाजून ४४ मिनिटांनी ४०० किलो इंधन घेऊन निघाले होते. अपघातानंतर मुख्य टाकीत ७६ किलो इंधन आढळले. म्हणजे ९८ मिनिटांत सुमारे ३२४ किलो इंधन खर्च झाले. याच वेगाने शिल्लक इंधनावर आणखी वीस मिनिटांहून अधिक काळ उडता आले असते आणि तळ अवघ्या काही किलोमीटरवर होता. दोन्ही इंजिने मात्र इंधनाअभावी बंद पडली होती. पूर्वी सांगितलेल्या भेदानुसार ही इंधनसमाप्ती नसून इंधनखंड होता.

याचे उत्तर इंधनव्यवस्थेच्या रचनेत आहे. या हेलिकॉप्टरमध्ये मुख्य टाकीतील इंधन थेट इंजिनांकडे जात नाही. दोन वहन पंप ते दोन छोट्या पुरवठा टाक्यांत आणून सोडतात आणि प्रत्येक पुरवठा टाकी एकेका इंजिनाला इंधन देते. मुख्य टाकीतील पातळी खाली गेली की, हेलिकॉप्टरच्या नाकाच्या कलानुसार पुढचा किंवा मागचा पंप कोरडा पडतो. तशी सूचना मिळताच वैमानिकाने तो पंप बंद करावयाचा आणि कल बदलताच पुन्हा चालू करावयाचा, अशी पद्धत होती. अपघातानंतर दोन्ही वहन पंपांची बटणे बंद अवस्थेत आढळली. इंजिन सुरू करताना लागणाऱ्या प्राथमिक पंपांची बटणे मात्र चालू होती आणि ही बटणे एकाच फलकावर शेजारी-शेजारी होती. परिणामी पुरवठा टाक्या रिकाम्या झाल्या. एका टाकीत काहीच नव्हते, तर दुसरीत अर्धा किलोपेक्षाही कमी इंधन होते.

या दोन्ही टाक्यांच्या आकारात मुद्दाम थोडा फरक ठेवलेला असतो. हेतू असा की, एक इंजिन बंद पडल्यानंतर दुसरे काही मिनिटे चालावे आणि वैमानिकाला उतरण्यास अवधी मिळावा. प्रत्यक्षात दुसरे इंजिन अवघ्या ३२ सेकंदांत थांबले. रात्र, खाली दाट वस्ती आणि इतका अल्प अवधी यांमुळे ऑटोरोटेशन साधले नाही. आघाताच्या क्षणी मुख्य पंखा आणि शेपटीचा पंखा दोन्ही फिरत नव्हते. दोन इंजिने असलेले हेलिकॉप्टर अधिक सुरक्षित, या विश्वासालाही येथे तडा गेला. कारण इंजिने दोन असली तरी त्यांना इंधन पुरविण्याची जबाबदारी बटणांच्या एकाच ओळीवर होती.

हवाई अपघात तपास शाखेचा अहवाल ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. हेलिकॉप्टरमध्ये उड्डाण नोंदक नव्हता, कारण नियमानुसार तो आवश्यकच नव्हता. इशारा यंत्रणा आणि इंजिन नियंत्रक यांच्या स्मृतीत राहिलेल्या त्रोटक नोंदींवरून तपास करावा लागला. कमी इंधनाचा इशारा पाच वेळा मिळाला आणि वैमानिकाने तो पाहिल्याची नोंद केली, हे त्यांतून निष्पन्न झाले. असा इशारा मिळाल्यावर दहा मिनिटांच्या आत उतरावे, असे मार्गदर्शिकेत लिहिलेले होते. तसे का झाले नाही, याचे उत्तर तपास शाखेला मिळाले नाही आणि तिने ते अनुत्तरितच ठेवले. पोलीस व वैद्यकीय सेवेच्या हेलिकॉप्टरांत नोंदक उपकरणे बसवावीत, यासंबंधीच्या शिफारशी मात्र तिने केल्या.

त्यानंतर २०१९ साली स्कॉटलंडच्या कायद्यानुसार प्राणांतिक अपघाताची न्यायालयीन चौकशी झाली. शेरीफ प्रिन्सिपल क्रेग टर्नबुल यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये निर्णय दिला. वैमानिकाने मिळालेले इशारे चुकीचे असावेत असे गृहीत धरून उड्डाण चालू ठेवण्याचा जाणीवपूर्वक निर्णय घेतला, असा त्यांचा निष्कर्ष होता. मृतांच्या काही नातेवाइकांनी या निष्कर्षाबद्दल नाराजी व्यक्त केली. अपघातानंतर दोनच आठवड्यांत त्याच कंपनीच्या दुसऱ्या ईसी १३५ मध्ये इंधनदर्शकाचा दोष आढळल्यामुळे कंपनीने या जातीची उड्डाणे काही काळ थांबविली होती, ही बाब त्यांच्या स्मरणात होती.

७. दोन निष्कर्ष, एक पुरावा

ग्लासगोच्या दोन चौकशींतील फरक इतिहासाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावा असा आहे. दोन्हींसमोर पुरावा जवळजवळ एकच होता. बटणांची स्थिती, टाक्यांतील इंधन, इशाऱ्यांची नोंद, इंजिने थांबण्याचा क्रम यांबाबत वाद नव्हता. तपास शाखा या पुराव्याच्या सीमेवर थांबली. न्यायालयाला मात्र मृत्यूचे कारण आणि तो टाळता आला असता काय, याचे उत्तर देणे कायद्याने भाग होते. म्हणून त्याने बटणांच्या स्थितीवरून मनाच्या स्थितीविषयी अनुमान केले. हे अनुमान तर्कदुष्ट आहे असे म्हणता येणार नाही. पाच इशारे मिळूनही न उतरणाऱ्या अनुभवी वैमानिकाच्या वर्तनाची दुसरी संगती लावणे कठीण आहे. परंतु 'इशारा पाहिला' ही नोंद आणि 'इशारा खोटा मानला' हा निष्कर्ष यांच्यामध्ये एक पायरी आहे आणि ती पुराव्याने नव्हे, तर तर्काने ओलांडलेली आहे. नोंदक उपकरण असते, तर कदाचित हे अंतर उरले नसते.

येथे आणखी एक तुलना उद्बोधक ठरते. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-८ विमान चाकांची तपासणी करीत घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपून कोसळले. दहा जण दगावले. इंधन कमी होत असल्याचे सहकाऱ्यांना ठाऊक होते, पण ते कप्तानाला पुरेशा ठामपणे सांगितले गेले नाही, असे चौकशीत दिसून आले. या अपघातानंतर कर्मचाऱ्यांमधील परस्परसंवादाचे प्रशिक्षण हा विमान वाहतुकीचा अविभाज्य भाग झाला. लॉस एंजेलिस, मिसुरी आणि ग्लासगो या तिन्ही ठिकाणी मात्र वैमानिक एकटाच होता. शेजारी छायाचित्रकार, परिचारक किंवा पोलीस होते. मापक वाचून दुसरे मत देण्यास पात्र असा दुसरा वैमानिक नव्हता. 'जॉली ११०' मध्ये तो होता. या फरकाला योगायोग म्हणून सोडून देणे कठीण आहे.

८. निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) 'इंधन संपले' या एकाच वर्णनाखाली भिन्न स्वरूपाच्या घटना येतात. लॉस एंजेलिस आणि मिसुरी येथे इंधनसमाप्ती झाली, अटलांटिकवर ती अटळ ठरली, तर ग्लासगो येथे इंधन शिल्लक असताना इंधनखंड झाला. कारणमीमांसेपूर्वी हा भेद करणे आवश्यक आहे.

२) इंधनाविषयीचे ज्ञान एका मापकात किंवा एका व्यक्तीत नसते. दुरुस्ती करणारा, संपर्क केंद्रातील कर्मचारी, बटणांची रचना करणारा अभियंता आणि प्रशिक्षण देणारी संस्था यांच्यात ते विभागलेले असते. त्यांतील कोणताही दुवा तुटला, तरी परिणाम शेवटी वैमानिकाच्या हाती येतो.

३) वैमानिकाची जबाबदारी यामुळे नाहीशी होत नाही. मिसुरीतील अपुरी तपासणी किंवा ग्लासगोतील दुर्लक्षिलेले इशारे यांचे समर्थन करता येणार नाही. मात्र जबाबदारी निश्चित करणे आणि कारण समजून घेणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

४) ज्या सेवांत वैमानिक एकटा असतो आणि कामाची निकड मोठी असते, तेथे नोंदक उपकरणे आणि उड्डाणात सहभागी नसलेल्या जाणकाराचा सल्ला यांचे महत्त्व विशेष आहे.

९. समारोप

क्लुथा मद्यगृहात त्या रात्री गाणे ऐकायला आलेल्या सात माणसांना डोक्यावरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरच्या पुरवठा टाकीत किती इंधन आहे, हे कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. बेथनीहून निघालेल्या रुग्णालाही तो नव्हता. अशा सर्वांच्या वतीने विचारला जाणारा प्रश्न 'दोषी कोण' एवढ्यावर थांबला, तर उत्तर लवकर मिळते, पण ते अपुरे राहते. १९४४ साली लालाघाटहून निघालेला वैमानिक वाटेत वारंवार उतरून इंधन भरीत होता, कारण आपल्या यंत्राचा पल्ला किती तोकडा आहे याची त्याला सतत जाणीव होती. पुढील काळात यंत्रे अधिक समर्थ झाली, मापक अधिक सूक्ष्म झाले आणि ती जाणीव यंत्राकडे सोपविण्यात आली. हा बदल कसा झाला आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा शोध घेणे हे तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे कार्य आहे. मृत वैमानिकाला न्याय आणि उद्याच्या प्रवाशाला सुरक्षितता, या दोन्ही गोष्टी त्या शोधावरच अवलंबून आहेत.